वाफसा

गवत ही मुद्दाम पेरण्याची, पाणी घालून वाढवण्याची आणि वाढल्यावर पुन्हा कापून टाकण्याची वस्तू आहे, असे आमच्या वडिलांना कोणी सांगितले असते, तर त्यांनी त्या माणसाच्या प्रकृतीची चौकशी केली असती. वसईच्या आमच्या वाडीत केळी होत्या, पानवेली होत्या, विहिरीवर रहाट होता, आणि या साऱ्यांचा एकच शत्रू होता : गवत. त्यातही हरळी. तिची बोटभर कांडी तुटून मातीत राहिली, तरी पहिल्या पावसाबरोबर ती चार दिशांना धावू लागे. शाळा सुटल्यावर आम्ही दोघे भाऊ खुरपी घेऊन ओळीने बसत असू. वडील मागून येत, आमच्या नजरेतून सुटलेल्या कांड्या वेचत आणि एक अक्षरही न बोलता त्या आमच्या पुढ्यात आणून ठेवत. त्या मौनाचा धाक आम्हांला पुढे सेमिनरीतल्या कोणत्याही रेक्टरांच्या बोलण्याचा वाटला नाही.

त्याच वडिलांचे थोरले चिरंजीव, म्हणजे आमचे दादा, 1996 साली कॅनडात गेले आणि टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टन शहरात घर करून राहिले. एके काळी काचघरांतील फुलांच्या शेतीसाठी नावाजलेले हे शहर. दादांच्या घरापुढे हिरवळीचा रुमालाएवढा एक तुकडा आणि घरामागे त्याच्या तिप्पट मोठा दुसरा. 2012 च्या जुलैत पुतणीच्या लग्नासाठी आम्ही तेथे गेलो होतो. दादा यंत्र ढकलत गवत कापत होते आणि वहिनी मागून फिरत कडा नीट करीत होत्या. "बाबांनी हे पाहायला हवं होतं," असे आम्ही थट्टेने म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बाबांनीच तर शिकवलंय. गवत मारायला ज्याला येतं, त्याला ते वाढवायलाही येतं."

वहिनींनी आम्हांला शेवटपर्यंत भाऊजीच म्हटले. आमच्या गुरुदीक्षेच्या दिवसापासून दादांनी मात्र आम्हांला नावाने हाक मारलेली नाही. धाकटा भाऊ 'फादर' झाला आणि 'तू'चा 'तुम्ही' झाला. आमच्याकडे घरोघरी हे असेच होते, आणि त्यात मान आहे हे आम्हांला मान्य आहे. त्या मानाची किंमत काय, हे आम्ही कधी मोजले नव्हते.

2023 च्या उन्हाळ्यात वहिनींचा आजार उघडकीस आला आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या प्रभूघरी गेल्या. प्रवासाची परवानगी आमच्या हाती होती, पैशांचीही अडचण नव्हती. परंतु धर्मग्रामाचा वार्षिक सण पंधरा दिवसांवर आला होता आणि पाठोपाठ नाताळ होता. ऑक्टोबरात फोनवर आम्ही "नाताळ झाला की येतो" असे सांगून बसलो होतो. वहिनी गेल्या त्या रात्री दादा म्हणाले, "फादर, तुम्ही आता धावपळ करू नका. तिकडेच मिस्सा करा." त्या वाक्यात आमची सुटका होती आणि आम्ही ती घेतली. धर्मग्रामात कोणाच्याही घरी मयत झाली तर तासाभरात जाऊन उभे राहणारे आम्ही, सख्ख्या भावाच्या दारी पाच महिन्यांनी पोहोचलो.

त्या वर्षी ईस्टर 31 मार्चला होता. सणाचे सोपस्कार आटोपून, महागुरूंकडून सहा आठवड्यांची रजा घेऊन आम्ही 10 एप्रिलला ब्रॅम्प्टनला उतरलो. बर्फ वितळून गेले होते. झाडे उघडी होती, वारा बोचरा होता, आणि दादांच्या घराभोवतीचे गवत जुन्या घोंगडीसारखे पिवळट करडे होऊन जमिनीला चिकटले होते. मेपलची काळी पडलेली ओली पाने त्यावर थरावर थर बसली होती. दरवर्षी ती ऑक्टोबरात वहिनी गोळा करीत. त्या ऑक्टोबरात त्या रुग्णालयात होत्या आणि पाने जागच्या जागी राहून त्यांवर सारा हिवाळा बर्फ पडले. पाने उचलली तेथे पांढुरके गोल डाग दिसले. बर्फाखाली, दमट अंधारात वाढणारी ही बुरशी. कुंपणालगत नागमोडी चर होते : बर्फाच्या आड निर्धास्त फिरणाऱ्या उंदरांचे रस्ते. आणि मोटारीच्या वाटेकडेची सगळी किनार मेलेली, कारण थंडीत वाटेवर घसरू नये म्हणून टाकलेले मीठ वितळून त्या बाजूला उतरले होते.

घराच्या आतही फारसे वेगळे नव्हते. दादा दिवसभर खिडकीपाशी बसून असत. पुतणी दूर कॅलगरीला असते. घर विकून माझ्याकडे या, असा तिचा आग्रह होता. दादांच्या मनात दुसरेच होते. फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली एका कंत्राटदाराचा अंदाजाचा कागद लावलेला होता. मागचीपुढची हिरवळ खणून काढायची आणि त्या जागी दगडी फरसबंदी करायची, त्याचा खर्च. "कोण करणार आता ते गवत," एवढेच दादा म्हणाले.

आता आमची चूक सांगतो. पोहोचल्यानंतर तिसऱ्या दिवशी, दादा उठण्यापूर्वीच, गराजमधले लोखंडी दंताळे घेऊन आम्ही मागच्या हिरवळीत उतरलो. पाच महिने उशिरा आलेल्या माणसाचा उत्साह होता तो. दोन तास आम्ही जोर लावून ओढत राहिलो. पानांचे ढीग झाले. त्यांबरोबर मुळासकट गवताचे झुबकेही येऊ लागले, ते मेलेलेच आहे अशा समजुतीने आम्ही तेही ढिगावर टाकले. जमीन ओलीकच्च होती आणि बूट घोट्यापर्यंत रुतत होते. दार उघडल्याचा आवाज झाला. पायांत सपाता, अंगावर घरचाच कोट, अशा अवस्थेत दादा बाहेर आले आणि ओरडले, "फादर, पाय काढा तिथून! वाफसा नाही आला अजून!"

पाच महिन्यांत ते त्या दारातून पहिल्यांदाच बाहेर पडले होते, हे आम्हांला नंतर पुतणीकडून कळले.

वाफसा हा शब्द आम्ही कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता. पाऊस पडून गेल्यावर शेतात लगेच औत घालत नाहीत. वरचे पाणी निथळून जावे, मातीत ओल असावी पण चिखल नसावा, मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने ढोसताच तो फुटावा, ही ती अवस्था. तिच्याआधी जमिनीवर पाय दिला की मातीतली हवेची जागा दबते, चिकणमातीची तर वीट होते, आणि त्या विटेत मूळ शिरत नाही. ब्रॅम्प्टनची माती अशीच चिकण. त्यातून नवीन वसाहती बांधताना वरची सुपीक माती ओरबाडलेली असते, मोठमोठ्या यंत्रांखाली खालचा थर दबलेला असतो आणि त्यावर चार बोटे माती पसरून हिरवळीच्या तयार वळकट्या अंथरलेल्या असतात. आमच्या बुटांनी त्यात आणखी भर घातली होती. गराजच्या बाजूने तुळशीपर्यंत (म्हणजे सब्जाच्या कुंडीपर्यंत, वहिनी तिला तुळसच म्हणत) आमचे ठसे ओळीने उमटले होते.

दादांनी ढिगातला एक झुबका उचलला, वाळलेली पाती बाजूला केली आणि मुळांच्या वर, जमिनीलगत असतो तो गाभा नखाने सोलून आम्हांला दाखवला. तो पांढरा आणि टणक होता. "हे मेलेलं नव्हतं," ते म्हणाले. जे हलक्या हाताने ओढल्यावर मुळाशिवाय सुटून येते, ज्याचा गाभा करडा आणि मऊ पडलेला असतो, ते मेलेले. बाकीचे फक्त निजलेले असते. आम्ही अशा जिवंत गवताचा अर्धा ढीग केला होता.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. मानवी जीवन गवतासारखे आहे, सकाळी फुलते आणि सांजेला सुकते, हा बायबलमधील विचार आम्ही अंत्यविधीच्या प्रवचनांत किती वेळा मांडला असेल याची गणती नाही. पण ज्या टेकड्यांवरचे गवत त्या लेखकांनी पाहिले, ते बहुतांशी एका ऋतूचे. हिवाळी पावसावर उगवायचे आणि वसंत सरता सरता उष्ण वाऱ्यांत करपून, बी टाकून संपायचे. ब्रॅम्प्टनचे गवत बहुवर्षायु. त्याची पाती जातात, गाभा राहतो. उदाहरण देण्यापूर्वी कोणते गवत ते पाहून घ्यावे, एवढे आम्ही त्या दिवशी शिकलो.

त्यानंतर दहा दिवस आम्ही काही केले नाही. म्हणजे दादांनी आम्हांला काही करू दिले नाही. रोज सकाळी ते मागच्या पायरीवर उभे राहून मूठभर माती उचलत, दाबत आणि टाकून देत. शेजारी जालंधरकडचे एक वृद्ध सरदारजी राहतात. आयुष्यभर गव्हाची शेती केलेला माणूस. कुंपणापलीकडून आमच्या ठशांकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "अजून वत्तर नाही." पंजाबीत वाफशाला वत्तर म्हणतात. दादा हसले. पुष्कळ दिवसांनी हसल्यासारखे चेहऱ्याचे स्नायू त्यांना थोडे जड गेले.

दंताळे परत ठेवायला गेलो तेव्हा गराजच्या दारामागे खिळ्याला ते कॅलेंडर दिसले. आपल्याकडचे मराठी कॅलेंडर, संतांचे सण आणि उपवासाचे दिवस छापलेले. दरवर्षी डिसेंबरात आम्हीच ते पाठवत असू. स्वयंपाकघरात टांगण्यासाठी पाठवलेले हे कॅलेंडर गराजमध्ये पाहून प्रथम थोडे वाईट वाटले, खोटे कशाला सांगा. पण ते 2023 चे होते आणि चौकटीचौकटींत वहिनींचे पेन्सिलीतले अक्षर होते. '17 एप्रिल : अजून ओल.' '24 एप्रिल : वाफसा. दंताळे.' '6 मे : बी.' '15 मे : राय उगवली.' '27 मे : पहिली कापणी, उंच.' जूनमध्ये दोन नोंदी पाण्याच्या. जुलैच्या पानावर नुसत्या दवाखान्याच्या तारखा. ऑगस्ट कोरा. 9 सप्टेंबरच्या चौकटीत लिहिले होते : 'आज बी टाकायला हवे होते.' त्यापुढे काही नाही.

ते कॅलेंडर आम्ही दादांपुढे ठेवले. त्यांनी ते पाहिलेले नव्हते. गराजमध्ये ते नोव्हेंबरपासून गेलेच नव्हते. बराच वेळ पाने उलटून झाल्यावर ते म्हणाले, "सप्टेंबरचं तिचं बरोबर आहे. खरं बी तेव्हाच टाकायचं." त्या मुलखात ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत माती उबदार असते, रात्री गार होतात, आणि तणांचा जोर ओसरलेला असतो, वसंतात पेरलेल्या कोवळ्या गवताला मात्र तणांशी झुंजून लगेच कडक उन्हाळ्याला तोंड द्यावे लागते. पण सप्टेंबर हुकला होता. जे हाती होते ते वसंतातच करायचे होते.

23 एप्रिलला दादांच्या मुठीतला गोळा फुटला. त्याच सुमारास समोरच्या घरी फोर्सिथियाचे झुडूप पिवळेजर्द फुलले होते आणि लाल छातीचे रॉबिन पक्षी ओल्या जमिनीतून गांडुळे खेचून काढीत होते. या वेळी दंताळे बांबूच्या पातळ काड्यांचे होते आणि हात दादांचे. चिकटलेली पाती मोकळी व्हावीत, बुरशीच्या डागांना वारा लागावा, एवढाच त्या फिरवण्याचा उद्देश. बुरशीला औषध लागत नाही, हवेने ती आपोआप हटते. मिठाने जळलेल्या किनारीवर तीन दिवस सावकाश पाणी सोडून मीठ खाली मुरवले. नंतर एक भाड्याचे यंत्र आणले. ते जमिनीतून बोटभर लांबीच्या मातीच्या कांड्या उपसून वरच टाकते आणि त्या भोकांवाटे हवा-पाणी मुळांपर्यंत जाते. आमच्या ठशांवरून दादांनी ते यंत्र दोनदा फिरवले, बोलले काही नाही. सरदारजींनी आपल्या ढिगातले चार घमेली कंपोस्ट कुंपणावरून दिले आणि ते आम्ही अर्ध्या बोटाच्या जाडीने पसरले. रासायनिक खत घालावे का, असे आम्ही विचारले, तर मेच्या अखेरीपर्यंत नाही, असे उत्तर मिळाले. लवकर दिलेले खत नुसती पाती वाढवते आणि मुळे मागे राहतात.

तणनाशकाचा प्रश्नच नव्हता. ओंटारियो प्रांताने 22 एप्रिल 2009 पासून केवळ शोभेसाठी अशी विषे बागेत वापरण्यावर बंदी घातलेली आहे. डँडेलियन नावाचे पिवळ्या फुलाचे तण तिथे सर्वत्र माजते आणि त्याचे सोटमूळ गाजरासारखे खोल जाते. ते लांब पात्याच्या खुरप्याने एकेक उपटावे लागते. दोन म्हातारे भाऊ पुन्हा एकदा खुरपी घेऊन ओळीने बसले. आम्ही पुढे गेलो होतो. काही वेळाने मागे पाहिले, तर दादांनी आमची अर्धवट तुटलेली मुळे मातीतून काढून, एक अक्षरही न बोलता, आमच्या वाटेवर ओळीने मांडून ठेवली होती.

4 मेला बी टाकले. तीन जातींचे मिश्रण होते : आठवड्याभरात उगवणारी राय, तिच्या मागून येणारे फेस्क्यू आणि तीन-चार आठवडे डोके वर न काढणारे केंटकी ब्लूग्रास. राय लवकर हिरवी दिसते म्हणून माणसे खूश होतात. पण जमिनीखालून धावती खोडे पसरून मोकळ्या जागा भरते ते ब्लूग्रास. त्या बाबतीत ते आमच्या हरळीचेच भाऊबंद. दादा मुठीतून बी सोडत होते आणि आम्ही मागून दंताळ्याच्या पाठीने ते मातीत दाबत होतो. गराजपाशी आल्यावर ते थांबले. आमच्याकडे न पाहता म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात ती रोज विचारायची. भाऊजी कधी येणार म्हणून."

आम्ही तीस वर्षे माणसांच्या दुःखात बोलत आलो आहोत. काय बोलावे हे आम्हांला शिकवलेले आहे आणि आम्ही ते इतरांना शिकवतो. त्या क्षणी आमच्यापाशी एकही शब्द नव्हता. "मी यायला हवं होतं," असे आम्ही म्हणालो. आम्ही नव्हे, 'मी'.

"हो," दादा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बी इथे दाट पडलंय. जरा पसरव."

पसरव. ते त्यांच्याही लक्षात आले की नाही, हे आम्हांला माहीत नाही. पुढच्या वाक्यात पुन्हा 'फादर' आणि 'तुम्ही' होते.

पेरल्यावर सकाळ-संध्याकाळ हलके पाणी द्यावे लागते, वरची माती एकदाही सुकता कामा नये. त्यामुळे दादांना दिवसातून दोनदा बाहेर यावेच लागे. 13 मेला कंपोस्टावर हिरवी धूसर लव दिसू लागली. कडेने, वाकून, डोळे जमिनीशी नेले तरच दिसे. उभे राहिले की नाहीशी होई. 18 मेला जुन्या गवताची पहिली कापणी झाली, वहिनींच्या नोंदीप्रमाणे उंच. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापायचा नाही, आठ-एक सेंटिमीटर उंची ठेवायची, म्हणजे मुळे खोल जातात आणि तणांना ऊन मिळत नाही. कापलेली पाती तेथेच पडू द्यायची, त्यांचेच खत होते. दादांना वरचेवर शंका येई की शेजारी नावे ठेवतील. कारण नीट कापलेले गवत ही तिकडे अब्रूची बाब. टोरोंटो शहरात तर 20 सेंटिमीटरपेक्षा उंच वाढलेल्या गवताबद्दल घरमालकाला नोटीस येते. 1830 साली इंग्लंडच्या एडविन बडिंग यांनी गवत कापण्याचे यंत्र केले नसते, तर ही अब्रू सरदार-दरकदारांपुरतीच राहिली असती असे आम्हांला वाटते. तोवर असले गवत राखायला कोयतेवाले गडी आणि मेंढरे लागत.

23 मेला आम्ही निघालो. ब्लूग्रास उगवलेले नव्हते. गराजच्या बाजूला मोठा करडा पट्टा तसाच होता. फ्रिजवरचा कंत्राटदाराचा कागद उलटा लावलेला दिसला. पाठीवर पाण्याच्या वेळा लिहिलेल्या होत्या. घर विकायचे की नाही, यावर त्या सहा आठवड्यांत आम्हां दोघांत एक शब्दही झाला नाही. तो निर्णय अजूनही झालेला नाही.

पुढच्या गोष्टी फोनवरच्या. जुलैत गवत पुन्हा पिवळे पडले तेव्हा आम्ही घाबरून विचारले, तर उत्तर आले, "उन्हाळ्यातही निजतं ते. निजू द्या." 7 सप्टेंबर 2024 ला दादांनी गराजच्या बाजूला नव्याने बी टाकले. डिसेंबरात आम्ही नेहमीसारखे कॅलेंडर पाठवले, या खेपेस दोन प्रती. 2025 च्या एप्रिलमध्ये, पवित्र सप्ताहाच्या धांदलीत, रात्री फोन वाजला. प्रथम आमच्या मनात नको ते आले.

"फादर, वाफसा यायला अजून आठवडा आहे," दादा म्हणाले. "आणि तुमचे ठसे आहेत अजून, गराजकडे. पाणी साचतं त्यात. रॉबिन येऊन पितात."